कोटाच्या बटणाएवढा फुगा

४ जानेवारी

बारक्या,

आणि वर तुझी बायको गावभर सांगत सुटली आहे की ताई पिते! काल माझी नणंद दुकानात आली, इस्त्रीच्या टेबलाला टेकली आणि आवाज खाली करून म्हणाली, "कधीपासून गं?" मी म्हटलं, काय कधीपासून? तर म्हणे, "जाऊ दे, होतं असं एखादीचं." माझ्या हातात तापलेली इस्त्री होती. ती मी स्टँडवर ठेवली. एवढा शहाणपणा माझ्यात आहे हे मलाही नवीनच होतं.

आता हे नीट वाच, आणि तुझ्या बायकोलाही मोठ्याने वाचून दाखव. मी पीत नाही. यकृत बिघडलं म्हणजे माणूस पितोच असं काही नाही. माझ्या रक्तात काविळीचा एक विषाणू आहे. तो म्हणे कित्येक वर्षं आत गप्प बसून होता, ना ताप ना काही. बसल्या बसल्या त्याने यकृत कडक करून टाकलं, कांजी जास्त झालेल्या कॉलरसारखं. कडक यकृतातून रक्त जाईना, म्हणून मागच्या शिरेत दाब तुंबला. दाब तुंबला म्हणून प्लीहा सुजली. प्लीहा डाव्या बरगडीखाली असते. मला एक आहे हे मला माहीतच नव्हतं. ती आता एवढी माजली आहे की तिच्याकडे नको तेवढं रक्त धावतं, आणि ते रक्त नेणाऱ्या धमनीला एका जागी फुगा आला आहे. कोटाच्या बटणाएवढा. शर्टाच्या नव्हे, कोटाच्या. डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर दाखवला.

मी विचारलं, फुटला तर?

त्या म्हणाल्या, "फुटला तर पोटात रक्त जातं."

मग?

"मग तुम्ही इथपर्यंत पोचाल असं मी सांगू शकत नाही."

बाई सरळ बोलतात. मला आवडल्या.

उपाय असा. जांघेतून बारीक नळी घालायची, ती आतल्या आत त्या धमनीपर्यंत न्यायची आणि तारेची वेटोळी आत सोडून फुगा बुजवून टाकायचा. पोट फाडायचं नाही, झोपवायचंही नाही, फक्त जागा बधिर करायची. तारीख दिली आहे, या महिन्याचा शेवटचा मंगळवार.

तुला पत्र लिहिते कारण फोनवर तू "हं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पण तू बॉयलरचा माणूस. सरकारी परीक्षा पास झालेला. दाबाचं तुला कळतं. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला कळत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर," आणि शर्टाची दुसरी बाही इस्त्रीला घेतली. तेव्हा तू सांग. बुजवू का हा फुगा?

ताई


११ जानेवारी

ताई, नमस्कार.

पत्र पोचलं. हिला वाचून दाखवलं. ती म्हणते, "पितात" असं मी म्हटलंच नाही. "यकृताचं निघालं" एवढंच म्हटलं आणि भुवई उचलली. आता भुवईचं मी काय करू?

मुद्द्याचं बोलतो. तू विचारलंस हे बरं केलंस. आमच्या बॉयलर हाउसच्या दारावर एक पाटी आहे, ती मी स्वतः रंगवली आहे. "काटा शून्यावर आल्याशिवाय नटाला हात लावू नये." या पाटीमुळे आमच्या इथे आजवर कुणी भाजलेला नाही. बाजूच्या कारखान्यात पाटी नव्हती. तिथल्या फिटरने भरल्या लाइनीत गळती बुजवायला घेतली. गळती बुजली. दोन हात अंतरावरचा पाइपचा जोड उडाला. फिटर आता बसून दारावरची नोंद ठेवतो, तीही डाव्या हाताने.

तुझ्या डॉक्टरीणबाई नेमकं हेच करायला निघाल्या आहेत. भरल्या लाइनीत बूच! दाब तर तसाच आहे ना मागे? मग तो जाणार कुठे? एका जागी कोंडलास तर दुसऱ्या जागी उडणार. त्यांना सांग, आधी दाब उतरवा. त्याच्या गोळ्या असतात, त्या द्या, काटा शून्यावर आणा, मग काय ती वेटोळी बसवा. हे शिकलेले लोक पुस्तकातून शिकतात, हातात पाना धरलेला नसतो. तारीख पुढे ढकल. लागलं तर माझं नाव सांग.

माझं ठीक आहे. नवे बूट घेतले ते जरा घट्ट निघाले, संध्याकाळी पायावर मोज्यांचे खोल वळ उठतात. पँटची कंबर हिने दोनदा उसवून सैल केली. म्हणते, सुख लागलंय.

बारक्या


२ फेब्रुवारी

बारक्या,

ढकलली तारीख. खिडकीवरच्या मुलीला सांगितलं की भाऊ नको म्हणतो. तिने विचारलं, "भाऊ डॉक्टर आहेत का?" मी म्हटलं, बॉयलर अटेंडंट आहे. तिने ते लिहून घेतलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा स्वतःचा फोन. मी म्हटलं, तुम्ही आधी काटा शून्यावर आणा, मग मी येते. त्यांनी मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही एकदा समोर येऊन बसा, मी समजावते." म्हटलं येईन. पण गेले नाही. एका मोठ्या हॉटेलचे सगळे पडदे धुवायला आले आहेत, जाड, अस्तराचे. ओले झाले की एकेक पडदा माणसाएवढा जड. ह्यांची कंबर धरली आहे, मग उचलणार कोण?

तोवर तुझ्या म्हणण्याप्रमाणे दाब उतरवायचं चालू आहे. बाईंनी आधीच लिहून दिलेल्या गोळ्या घेते. त्याने नाडी मंद होते, जिना चढताना कुणी मागून पदर धरल्यासारखं वाटतं. शिवाय अन्ननळीतल्या शिराही त्याच दाबाने फुगल्या होत्या, त्यांना तारीख ढकलण्याआधीच दवाखान्यात आतून रबरबँड लावले. खरंच रबरबँड. मी गिऱ्हाइकांच्या पावत्यांना लावते तसले. एवढी शिकलेली माणसं, आणि शेवटी रबरबँड.

डाव्या कुशीत अधूनमधून दुखतं. पडद्यांचं असणार.

आता तुझ्याकडचं एक काम. बाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आई कशाने गेली? मी म्हटलं, पोटातलं काहीतरी फुटलं, रक्ताची उलटी झाली आणि गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हा विषाणू बहुतेक वेळा आईकडून येतो, जन्मतानाच. भावंडं असतील तर त्यांचं रक्त तपासायला सांगा. मी तेव्हा विसरले, कारण मला तुझ्या बायकोचा राग आला होता. आता सांगते. तपासून घे. एक सुई टोचतात, बस. विषाणू असला तरी त्यावर गोळी आहे, रोज एक. वेळेवर कळलं तर यकृत माझ्यासारखं होत नाही.

कळव.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

तारीख ढकललीस हे उत्तम झालं. सोबत चित्र पाठवलं आहे, सेफ्टी व्हॉल्व्हचं. बाण काढले आहेत. दाब वाढला की झडप उचलते आणि जास्तीचं बाहेर जातं, हे त्यांना दाखव. माणसाच्या अंगात अशी झडप का नाही, असं विचार. दर खेपेला काटा किती आला ते विचारायचं आणि मला कळवायचं. आकड्याशिवाय काम नाही.

इथे नवीन इन्स्पेक्टर आला आहे. पोरगेलासा आहे, हातमोजे घालून काच पुसतो. मला म्हणाला, "काका, तुम्ही थकलेले दिसता." मी म्हटलं, तुम्हीही बॉयलरसमोर उभे राहा, तुम्हीही दिसाल. परवा नाकातून थोडं रक्त आलं, ते इथल्या कोरड्या हवेने. ब्रश केला की हिरड्यांतूनही येतं. हिने नवा मऊ ब्रश आणला.

आईचं तू कशाला उकरून काढतेस? गेली ती. पोटात काहीतरी फुटलं, एवढंच. तेव्हा कुणी काय तपासत होतं?

पडदे उचलू नकोस.

बारक्या


२० मार्च

बारक्या,

पडले. दुकानात, गिऱ्हाइकासमोर. एका बाईचा निळा कोट हँगरला लावत होते, तेवढ्यात डाव्या कुशीत अशी कळ आली की कोट कुठे आणि मी कुठे. शुद्धीवर आले तर ह्यांनी माझ्या डोक्याखाली तोच कोट घडी करून ठेवला होता. घडी एकदम व्यवस्थित. आणि बोटं मोडत बसले होते. मी म्हटलं, गाडी बोलवा. तेव्हा उठले. म्हणून म्हणते, यांच्या भरवशावर मी काही करू शकत नाही.

फुटला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुटला असता तर तुम्ही आत्ता मला शिव्या देत नसता. पण वाढला आहे. आता ओव्हरकोटाचं बटण.

मी तुझं चित्र पर्समधून काढून दिलं. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. चष्मा लावून बाणन् बाण बघितला. म्हणाल्या, "चित्र बरोबर आहे. बॉयलरचं आहे." मग कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला माझी प्लीहा काढली. जे सांगितलं ते मी तसंच लिहिते, कारण ते तुझ्यासाठी होतं.

प्लीहेला दोन लाइनी आहेत. एक आत येते, एक बाहेर जाते. आत येते ती धमनी, बाहेर जाते ती शीर. दाब तुंबला आहे तो बाहेर जाणाऱ्या शिरेत, कारण पुढे यकृत अडून बसलं आहे. फुगा आला आहे तो आत येणाऱ्या धमनीवर. तिथे हृदयाचा जोर असतो, तुंबलेला दाब नव्हे. गोळ्यांनी शिरेतला दाब थोडा उतरतो, शून्य कधीच होत नाही. आणि उतरला तरी आलेला फुगा काही परत आत जात नाही. तो आपला वाढतो. बुजवला तर प्लीहेला बाजूच्या बारीक वाटांनी रक्त मिळत राहतं, जोडबिड उडत नाही.

मी म्हटलं, आणि काटा शून्य?

"भावाला सांगा, काटा शून्यावर आलेला माणूस माझ्याकडे आणत नाहीत. त्याला खाली तळघरात नेतात."

म्हणजे तू मला महिना-दीड महिना एका चुकीच्या लाइनीसाठी थांबवून ठेवलंस. आणि मी थांबले. तुला दोष देत नाही असं मी लिहिणार नाही, कारण देते. अर्धा तुला, अर्धा मला. एवढी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले की रेशमाला सुताची इस्त्री चालत नाही, आणि स्वतःच्या पोटाला बॉयलरची पाटी लावून बसले.

नवी तारीख एप्रिलमधला पंधरावा दिवस, मंगळवार. आदल्या दिवशी, सोमवारी भरती. आता गाठोडी उचलायची नाहीत. दोन पोरी ठेवल्या आहेत, काम बरं करतात, बडबड फार.

आता पुढचं. दवाखान्यात पडल्या पडल्या मला काम नव्हतं म्हणून तुझी पत्रं पुन्हा वाचली. मोज्यांचे वळ. सैल केलेली कंबर. नाकातून रक्त. हिरड्या. इन्स्पेक्टर म्हणतो थकलेले दिसता. बारक्या, हे मी आधी कुठे ऐकलं आहे? मागच्या वर्षी माझ्याच तोंडून. मला वाटायचं चपला घट्ट आहेत. मला वाटायचं वयाने पोट सुटलं आहे. रक्त तपासायचं मी फेब्रुवारीत लिहिलं, तू मला झडपेचं चित्र पाठवलंस.

तपासलंस का? हो किंवा नाही.

ताई


२७ मार्च

ताई, नमस्कार.

पडलीस ते पत्र दोनदा वाचलं. दोन लाइनी असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे एकच असते. पाटी अजून दारावर आहे, आणि बॉयलरपुरती ती बरोबरच आहे, पण काल येता-जाता तिच्याकडे बघवलं नाही.

तू मंगळवारी ते करून घे. आता एक दिवसही पुढे ढकलू नकोस. मी रजा टाकली आहे. सोमवारी येतो आणि दाराबाहेर बसतो. भाऊजींना बोटं मोडू दे, सह्याबिह्या, धावपळ, सगळं मी बघतो. रक्त लागलं तर माझं घ्या.

माझ्या तपासणीचं म्हणशील तर मला काही झालेलं नाही. आणि समजा तपासायचं ठरवलं, तर कारखान्याच्या दवाखान्यातच जावं लागणार. तिथला कंपाउंडर म्हणजे चालता-बोलता लाउडस्पीकर. यकृताची तपासणी म्हटलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या पाळीला कळणार की बॉयलरवाला पितो. बॉयलरवर पिणारा माणूस कोण ठेवतो? हीसुद्धा नको म्हणते. म्हणते, लोक काय म्हणतील. तुझं आधी होऊ दे, मग बघू.

बारक्या


२ एप्रिल

बारक्या,

रक्त माझं घ्या म्हणतोस! ते कसलं आहे हे तुला तरी माहीत आहे का? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय त्याच्या रक्ताचा थेंबही कुणाला देणार नाही. मला तर नाहीच.

लोक काय म्हणतील ते मी सांगते, मी तीन महिने ऐकते आहे. म्हणतील, पितो. म्हणू दे. मी पिते असं सगळ्यांना माहीत आहे, तरी माझं एक गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट नणंद आता कपडे वेळेवर घेऊन जाते, मला घाबरते. आणि ज्या भुवईने हे सुरू केलं तिलाही सांग, नवऱ्याला असेल तर बायकोलाही असू शकतो, तिचंही रक्त तपासायचं आणि नसेल तर लस टोचायची. हे मी रागाने म्हणत नाही, बाईंनी सांगितलं. थोडं रागानेही म्हणते.

कारखान्याच्या दवाखान्यात जायची गरज नाही. तुमच्या एसटी स्टँडसमोर रक्त तपासायची खोली आहे, मी तुझ्याकडे आले होते तेव्हा पाहिली आहे, हिरव्या दाराची. तिथे तुला कुणी काका म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी जा, दोघं जा. तपासणीचं नाव बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं आहे, चिठ्ठी सोबत आहे. ती त्यांना दाखव, तोंडाने काही सांगू नकोस, तू भलतंच सांगशील.

आणखी एक. आईला उलटी झाली तेव्हा पातेलं तू धरलं होतंस. मी डॉक्टर आणायला पळाले होते. मी आले तेव्हा तू पातेलं धुवून पालथं घातलं होतंस आणि मला सांगितलंस, थोडंसंच होतं. तुला बघायचं नाही हे मला कळतं. मलाही दवाखान्यातल्या त्या पडद्यावरच्या फुग्याकडे बघायचं नव्हतं, मी कोटांची बटणं मोजत बसले होते. पण आता दोघांपैकी एकाने बघितलं आहे, आणि ते बरं झालं.

आता नीट वाच, कारण मी हे बदलणार नाही. चौदा तारखेला, सोमवारी, मला भरती व्हायचं आहे. त्याआधी तुझा रिपोर्ट माझ्या हातात पाहिजे. चांगला असो, वाईट असो. छापलेला, शिक्का मारलेला. "मी ठीक आहे" असं तुझ्या अक्षरात लिहिलेलं चालणार नाही, ते मी आयुष्यभर वाचलं आहे. रिपोर्ट आला तर मी मुकाट्याने भरती होते, आणि वाईट आला तर बाईंकडे तुझंही नाव लिहून घेते. त्यांना मी सांगून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "हे असं धमकावून चालतं का?" मी म्हटलं, आमच्या घरी चालतं.

नाही आला तर मी भरती होणार नाही. सोमवारी दुकान उघडीन, पडदे धुवीन, आणि तू दाराबाहेर बसायला येशील ते दुकानाच्या दाराबाहेर बसशील. फुगा फुटेल तेव्हा फुटेल. हे खोटं वाटत असेल तर बायकोला विचार, ती मला ओळखते.

शनिवार, बारा तारीख. सकाळच्या टपालाने.

ताई